हाड कुणाच्या हुकमानं झिजतं?



या व्याख्यानाचं आमंत्रण द्यायला वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा विषय विचारायच्या आधीच त्यांनी एक अट घातली. म्हणाले, “डॉक्टर, दूध प्या, उन्हात बसा, कॅल्शियमची गोळी घ्या, एवढं सांगून खाली बसू नका. ते आम्हाला पाठ आहे.” अट रास्त आहे. मी हाडांचा डॉक्टर. रोज ओपीडीत हीच तीन वाक्यं बोलतो. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. पोटात गेलेल्या कॅल्शियमचं पुढे काय करायचं, ते हाडात भरायचं की हाडातलं उलट काढून घ्यायचं, हे ठरवणारे दुसरेच आहेत. एक म्हणजे रक्तातून फिरणारी संप्रेरकं, ज्यांना आपण सगळेच हार्मोन म्हणतो, आणि दुसरी मज्जासंस्था. मेंदूचं बरंवाईट ठरवण्यातही या दोघांचा मोठा हात असतो. म्हणून ठिसूळ हाड आणि मंदावलेली स्मृती यांना दोन वेगळे आजार मानून माणसाला दोन वेगळ्या दारांत उभं करणं मला दिवसेंदिवस खटकायला लागलं आहे.

सुरुवात गेंड्यापासून करू. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १८३४ साली एक भारतीय गेंडा विकत घेतला होता. १८४९ साली तो मेला आणि त्याचं शवविच्छेदन रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाकडे आलं. ते धूड फाडताना ओवेनना गळ्यातल्या थायरॉइडला चिकटलेली एक छोटी, पिवळसर, घट्ट ग्रंथी दिसली. त्यांनी ती नोंदवून ठेवली. माणसाच्या गळ्यातल्या अशाच ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं १८८० साली केलं. याच त्या पॅराथायरॉइड. बहुतेकांच्या गळ्यात त्या चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांचं काम एकच: रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा.

एवढा पहारा कशाला? शरीरातलं नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर मज्जातंतू, स्नायू आणि हृदय चालतं. ते प्रमाण थोडं घसरलं तर हाताची बोटं वळतात, पेटके येतात, फार घसरलं तर फिट येते. चढलं तर माणूस सुस्तावतो, उदास होतो, बोलताना गोंधळतो. म्हणजे शरीराच्या हिशेबात हाड हे मज्जातंतूंसाठी भरून ठेवलेलं कोठार आहे, आणि आपल्याला उभं ठेवणं हे त्याचं दुसरं काम. मेंदू उपाशी राहणार असेल तर कोठार बेलाशक फोडलं जातं. पॅराथायरॉइडचं संप्रेरक हा ते फोडण्याचा हुकूम.

हा हुकूम थांबेनासा झाला तर काय होतं, ते चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानानं भोगलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून त्याची हाडं दुखायला आणि मोडायला लागली. सहा फुटांहून उंच असलेला हा गडी सात इंचांनी बुटका झाला, पाठीचे मणके दबत गेले, मुतखडे झाले. १९२६ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्याच्या रक्तात कॅल्शियम भरमसाट सापडलं आणि त्याला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाठवलं गेलं. पॅराथायरॉइडची गाठ शोधायला गळा उघडला, काही सापडलं नाही. पुन्हा उघडला. सहा शस्त्रक्रिया झाल्या. मग, असं सांगतात, कप्तानानं स्वतःच पुस्तकं चाळून डॉक्टरांना छातीत बघण्याचा आग्रह धरला. १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत गाठ खरंच छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला सापडली. पण मूत्रपिंडं गेलेली होती. काही आठवड्यांतच तो गेला. त्याच्या हाडांत मुळात काहीच दोष नव्हता. त्यांना मिळणारा हुकूम चुकीचा होता, एवढंच.

हा आजार काही इतिहासजमा झालेला नाही. पाश्चात्त्य देशांत तो आता नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास व्हायच्या आधीच सापडतो. आपल्याकडे अजूनही बऱ्याचदा हाड मोडल्यावर नाहीतर वारंवार मुतखडे झाल्यावर उमगतो. तोवर घरच्यांनी “हल्ली हिचं कशातच मन लागत नाही” म्हणून डोक्याच्या गोळ्या सुरू केलेल्या असतात. हाड आणि मन एकाच गाठीनं बिघडवलेलं असू शकतं, ही शंका आली पाहिजे. ती आली तर तपासणी सोपी आहे.

आता दुसऱ्या हुकमाकडे, मज्जासंस्थेकडे वळू. यात मला वैयक्तिक रस आहे, कारण पाठ्यपुस्तकांनी हाडांना जाणाऱ्या मज्जातंतूंना दुखणं कळवण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नव्हतं, आणि डोळ्यांना दिसत होतं ते वेगळंच. पन्नाशीची बाई ओल्या फरशीवर घसरते, पडताना हात टेकते, मनगट मोडतं. प्लास्टर घालतो. सहा आठवड्यांनी कापतो तेव्हा हाड जुळलेलं असतं. पण एखादीचा हात सुजलेला, कातडी लाल आणि चकचकीत, तळव्याला घाम, आणि नुसती फुंकर घातली तरी बाई कळवळते. एक्स-रेत बोटांची आणि मनगटाची हाडं ठिपक्याठिपक्यांनी विरघळल्यासारखी दिसतात. जी हाडं मोडलीच नव्हती तीसुद्धा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी १९०० साली हे चित्र मांडलं. अजूनही आम्ही ‘सुडेक झालाय’ असंच म्हणतो. यात इतर गोष्टींबरोबर अनुकंपी मज्जासंस्था बिथरलेली असते. घाबरल्यावर छातीत धडधडवणारी, हाताला घाम आणणारी तीच ही मज्जासंस्था.

उलटाही अनुभव आहे. अपघातात डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडलेल्या तरुणाची मांडी मोडलेली असेल तर ती कधी कधी अपेक्षेपेक्षा लवकर आणि भरघोस जुळते. काहींच्या खुब्याभोवतीच्या मांसात, जिथं हाडाचं काही काम नाही तिथं, नवीन हाड उगवून सांधाच आखडतो. आणि मणक्याला मार लागून पाय लुळे पडले की त्याच पायांची हाडं काही महिन्यांत विरविरीत होतात. पाय वापरात नाहीत हे त्याचं मोठं कारण आहे, पण तेवढंच नसावं.

प्रयोगशाळेतून याला आधार मिळाला तो २००० साली, आणि तोही एका लठ्ठ उंदरामुळे. चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला पोट भरल्याची खबर देतं. ते १९९४ साली जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. ज्या उंदरांत लेप्टिन बनतच नाही ते बेसुमार लठ्ठ असतात आणि त्यांची लैंगिक संप्रेरकं खालावलेली असतात. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांची हाडं ठिसूळ हवीत. जेरार्ड कार्सेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं तर हाडं भरगच्च. मग त्यांनी लेप्टिनचा अगदी बारीक डोस थेट मेंदूतल्या पोकळीत सोडला. रक्तात त्याचा मागमूस नव्हता, तरी हाडं विरळ झाली. दोन वर्षांनी याच गटानं दाखवलं की हा निरोप मेंदूतून हाडापर्यंत अनुकंपी मज्जातंतूंच्या वाटेनं जातो. हाड बांधणाऱ्या पेशींवर त्या मज्जातंतूंचा निरोप घेणारी द्वारं असतात, आणि ती बंद केली की उंदरांची हाडं भरतात.

उंदराचं माणसाला लागू पडतंच असं नाही. लेप्टिनच्या बाबतीत तर माणसातलं चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं. पण मज्जातंतूंचा भाग टिकला. मेयो क्लिनिकच्या सुंदीप खोसला यांच्या गटानं २०१८ साली पाळी गेलेल्या १५५ बायकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, म्हणजे अॅटेनोलॉल, नेबिवोलॉल, प्रोप्रानोलॉल, वीस आठवडे दिल्या. पहिल्या दोन गोळ्यांनी हाड झिजण्याची रक्तातली खूण कमी झाली, मनगटाजवळच्या हाडाची घनता सुधारली. प्रोप्रानोलॉलनं तसं केलं नाही. कृपा करून कुणी घरी जाऊन हाडांसाठी बीपीची गोळी सुरू करू नका. वीस आठवड्यांत फ्रॅक्चर टळतात की नाही हे कळत नाही, आणि नाडी मंदावून चक्कर आली तर पडून खुबा मोडायचा. मुद्दा एवढाच की मेंदूतून निघणारी तार माणसाच्या हाडापर्यंतही पोचते.

संप्रेरक आणि मज्जातंतू हे दोन्ही हुकूम एकाच आजारात एकदम बिघडलेले पाहायचे असतील तर महाराष्ट्राला ते नवीन नाही. अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि बाबा आमटेंचं आनंदवन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’ अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि तिथल्या रुग्णांच्या हातांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बोटं जंतू खात नाही. जंतू मज्जातंतू मारतो. मग बधिर हात तापलेल्या पातेल्याला तसाच धरून ठेवतो, खुरप्याची मूठ गरजेपेक्षा कितीतरी जोरानं आवळतो, जखम झाली तरी कळत नाही, ती चिघळून हाडापर्यंत जाते. दुखणं गेलं की हाडाचा राखणदार गेला. ब्रँड यांच्या कामानं कुष्ठरोग्यांच्या हातावरची शस्त्रक्रिया तर बदललीच, मधुमेहातल्या बधिर पायाकडे बघण्याची दृष्टीही त्यातूनच आली.

पण याच आजाराची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा मानवतात: नाक, कानाच्या पाळ्या, बोटं, आणि पुरुषांची वृषणं. आजार पसरलेल्या प्रकारात वृषणं सुकतात, टेस्टोस्टेरॉन घसरतं, काहींची छाती बायकांसारखी वाढते, दाढी विरळ होते. हे सांगायला लाजतात म्हणून कुणी विचारत नाही. आणि टेस्टोस्टेरॉन घसरल्यामुळे पाठीचे मणके ठिसूळ होतात, जिथं मज्जातंतूंचं बधिरपण पोचलेलंही नसतं. बोटाचं हाड मज्जातंतू गेल्यामुळे गेलं, मणक्याचं हाड संप्रेरक गेल्यामुळे. पहिल्याची दखल घेणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्यासाठी रक्ताची एक तपासणी लागते, ती राहून जाते.

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं संप्रेरक अशी आपली ठाम समजूत असते. १९९४ साली अमेरिकेतल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकिगत प्रसिद्ध झाली. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोपच कळत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची वाढीची टोकं बंदच झाली नव्हती; आणि हाडं ठिसूळ. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडाचं बरंचसं काम तोच भाग करतो, हे त्यानंतर पक्कं झालं.

हाडाकडून मेंदूकडे उलटा निरोप जातो का? वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘हाडातून स्मरणशक्ती’ अशा मथळ्याच्या बातम्या येतात, त्या ऑस्टिओकॅल्सिनबद्दल असतात. हाड बांधणाऱ्या पेशी हे प्रथिन बनवतात. कार्सेंटींच्या गटानं २००७ साली सांगितलं की ते रक्तातली साखर सांभाळतं, २०१३ साली सांगितलं की ते मेंदूत शिरून उंदरांचं शिकणं-आठवणं सुधारतं. २०२० साली दोन वेगळ्या गटांनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले आपापले उंदीर तयार केले, तर साखरेत वा इतर अनेक बाबतींत तो बिघाड त्यांना दिसला नाही. वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर हाड मेंदूशी बोलत असणार, पण नेमकं काय बोलतं हे अजून कुणी नीट ऐकलेलं नाही. आणि तोवर त्याच्या नावाची पावडर विकायला कुणी आलं तर त्याला दारातून परत पाठवा.

पावडरीवरून आठवलं. आपल्याकडे गुडघेदुखीवर ‘जडीबुटीची’ म्हणून मिळणाऱ्या कागदी पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं, दोन वर्षांत नोबेल मिळालं, आणि औषध म्हणून ते अजूनही लाखमोलाचं आहे. पण महिनोन्‌महिने बिनहिशेबी पोटात गेलं की चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, मणके दबतात, आणि झोप उडून माणूस चिडका, विसरभोळा होतो. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणी बांधणारा भाग या संप्रेरकाचा निरोप नेमका टिपून घेतो, हे ब्रूस मॅक्‌एवन यांनी १९६८ साली दाखवलं होतं. पुडी बंद करतानाही एकदम बंद करायची नसते, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे जाऊन हळूहळू सोडवून घ्या.

आता बायकांकडे येतो. खरं तर सगळं व्याख्यान त्यांच्यावरच असायला हवं होतं, कारण कोठार सर्वांत जास्त वेळा त्यांचंच फोडलं जातं. बाळंतीण बाळाला अंगावर पाजते तेव्हा तिच्या शरीरातलं रोज दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम दुधावाटे जातं. सहा महिने पाजलं तर मणक्यांची घनता पाच ते दहा टक्क्यांनी घटते. आपण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं देतो, ते तिच्या ताकदीसाठी उत्तमच. पण कॅल्शियम वाढवून ही घट थांबत नाही, हे नीट प्रयोग करून पाहिलेलं आहे. चमत्कार पुढे आहे: बाळाचं अंगावरचं तुटलं की साधारण वर्षभरात ते हाड बहुतेक परत भरतं. साठीत गेलेलं हाड असं परत भरत नाही, मग तिशीत कसं भरतं? शिवाय पाजणाऱ्या आईचं इस्ट्रोजेन खालावलेलं असतं. तरी तिची हाडं कोसळत कशी नाहीत? २०२४ साली कॅलिफोर्नियातल्या हॉली इंग्रहॅम यांच्या गटानं उंदरांत याचं एक उत्तर शोधलं. पाजण्याच्या काळात मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी सीसीएन-३ नावाचं द्रव्य सोडतात आणि ते हाड बांधायला लावतं. एका बाजूनं कोठार फोडायचा हुकूम, दुसऱ्या बाजूनं मेंदूतूनच भरायचा. हे माणसात सिद्ध व्हायचं आहे. माझ्या वाचनात गेल्या काही वर्षांत याहून सुंदर काही आलं नाही.

पाळी जाते तेव्हा मात्र हा भरायचा हुकूम येत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे पहिल्यांदा नीट ओळखलं फुलर अल्ब्राइट यांनी, कप्तान मार्टेलवर उपचार झाले त्याच बोस्टनच्या रुग्णालयात. १९४१ साली त्यांनी मांडलं की हाडं ठिसूळ होऊन येणाऱ्या त्यांच्या रुग्णांत बहुतेक पाळी गेलेल्या बायका आहेत, आणि त्यांतल्या काहींची अंडाशयं शस्त्रक्रियेनं काढलेली आहेत. अंडी घालायच्या आधी कबुतरीच्या हाडांत इस्ट्रोजेनमुळे कॅल्शियम साठतं, ही पक्ष्यांवरची नोंद त्यांना ठाऊक होती. त्यांनी दोन्हींचा सांधा जुळवला. या माणसाचं पुढचं आयुष्य सांगताना अवघडायला होतं. तरुणपणीच त्यांना कंपवातानं, पार्किन्सननं गाठलं. १९५६ साली त्यासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली, आत रक्तस्राव झाला, आणि त्यानंतर १९६९ पर्यंत ते स्वतःच्याच रुग्णालयात न बोलता, न हालता पडून होते.

इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. ते गेलं की त्या मोकाट सुटतात. आणि मेंदूत? १९९० च्या सुमारास मॅक्‌एवन यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की उंदरीच्या चार-पाच दिवसांच्या पाळीचक्रात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवरचे बारीक काटे, ज्यांच्या टोकाला दुसऱ्या पेशीशी संधान जुळतं, इस्ट्रोजेनबरोबर वाढतात आणि कमी होतात. मग गोळीनं इस्ट्रोजेन दिलं की दोन्ही सुधारावं. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर प्रचंड प्रयोग झाला. २००२ साली तो मुदतीआधी थांबवला. खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एकतृतीयांशानं घटली होती, पण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात वाढले होते. पुढच्या वर्षी आणखी धक्का: पासष्टीपुढच्या ज्या बायकांची स्मृती तपासली, त्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांपैकी २१ जणींना. जगभर डॉक्टरांनी हात झटकले.

मला वाटतं, हात झटकताना एक मोठी चूक झाली. त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन पुष्कळ वर्षं लोटली होती. त्यांच्यासाठी निघालेला निष्कर्ष पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाईलाही लावला गेला.

आणि अशा बायका आपल्याकडे किती आहेत हे आपल्याला आता माहीत आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. अंगावर जातं, पोटात दुखतं, एवढ्यावर. पाळीच्या दिवसांत कोयता बंद ठेवला की खाडा पडतो, मुकादमाची उचल फिटायची असते. ‘पिशवी काढली की कटकट मिटते’ असं सांगणारे गावोगाव. यातल्या पैशाच्या बाजूवर पुष्कळ लिहिलं गेलं. मी शरीराच्या बाजूचं सांगतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन बनतं अंडाशयांत. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकतात. पिशवीबरोबर तीही काढली तर इस्ट्रोजेन एका दुपारीत संपतं. भारतातल्या बाईची पाळी सर्वसाधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते. इथं ती तिशीत गेली. मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटानं २००७ साली, पाळी जायच्या आधी अंडाशयं काढलेल्या बायकांचा पुढची कित्येक वर्षं घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला. स्मृती ढासळण्याचा धोका त्यांच्यात जास्त होता, वय जितकं कमी तितका जास्त. ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे, हे मान्य. पण हाडांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. आणि ही बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला टेकवलेल्या फळीवरून वर चढत असते.

अशी चाळिशीतली बाई मनगट मोडून येते तेव्हा मी तिला तीन प्रश्न विचारतो. पिशवी काढली का? कितव्या वर्षी? अंडाशयं ठेवली की काढली? पहिल्या दोहोंची उत्तरं लगेच येतात. तिसऱ्याला ती नवऱ्याकडे बघते, नवरा पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढतो. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव एका ओळीत, घडीवर फाटलेलं, सही, शिक्का. अंडाशयांचा उल्लेख नाही. मग सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या संप्रेरकाची तपासणी करून जे कार्डावर असायला हवं होतं ते शोधावं लागतं. एफएसएच खूप चढलेलं असेल तर अंडाशयं नाहीत किंवा थकली आहेत. त्यानंतरच पुढचं बोलता येतं: स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नसेल, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नसेल, यकृत ठीक असेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असंच आजचं वैद्यक सांगतं. पिशवी नसलेल्या बाईला बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, दुसरं संप्रेरक जोडावं लागत नाही. ज्यांना ते चालणार नाही, त्यांच्यासाठी हाडांची वेगळी औषधं आहेत. महागडी आहेत, आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी जिल्ह्याच्या गावाला किंवा त्याहून लांब जावं लागतं, हेही खरं.

या सभागृहात स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र बसलेले मला दिसताहेत. त्यांच्याशी भांडायला मी आलेलो नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, यात पिशवी काढावीच लागते. माझी मागणी लहान आहे. कार्डावर एक ओळ वाढवा, मराठीत: उजवं अंडाशय ठेवलं की काढलं, डावं ठेवलं की काढलं, आणि काढलं असेल तर हाडं नि संप्रेरकांसाठी कधी परत यायचं त्याची तारीख.